तुकोबांचे पाय

"हे काय तुकाराम हाय का? सावकार दिसायलाय की!"

आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोठ्याने म्हणाली आणि टेस्टिंगला जमलेले आम्ही आठ-दहा जण हसलो. चाकणजवळच्या निघोजे गावात आमची सोसायटी आहे. तिच्या पार्किंगमध्ये सोळा बाय नऊ फुटांची एलईडी वॉल उभी केली होती आणि तिच्यावर प्रभातचा 'संत तुकाराम' चालू होता. १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सगळ्यांना दाखवायचा होता, परवा तुकाराम बीज.

आजी बरोबर बोलत होती. पडद्यावरचे विष्णुपंत पागनीस खरंच सावकार दिसत होते. गाल फुगलेले, खांदे पैलवानासारखे, हातातली वीणा आडवी सुजलेली. त्यात तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ. म्हणजे ज्या माणसाने सावकारी बुडवली, त्याला आम्ही एका केबलने पुन्हा सावकार केलं होतं.

कारण साधं होतं. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चारास तीन असते. आपले टीव्ही, लॅपटॉप आणि ही वॉल सोळास नऊ. ऑपरेटरदादाने चित्र ओढून भिंतभर पसरवलं होतं. तसं केलं की माणूस उंचीला तेवढाच राहतो आणि रुंदीला एक तृतीयांश वाढतो.

"आजी, थांब," मी म्हणालो. "ही साधी फाइल आहे. माझ्याकडे चांगली आहे."

*

त्या चांगल्या फाइलबद्दल आधी सांगायला हवं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. वडील पंचवीस वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातून चाकणला प्रेस शॉपमध्ये कामाला आले, मी इथेच वाढलो, शिकलो, आणि आता घरी बसून दुसऱ्या देशातल्या लोकांसाठी कोड लिहितो. सोसायटीत कुणाचं वायफाय बंद पडलं तरी मलाच बोलावतात. त्यामुळे कमिटीच्या नानांनी बीजेनिमित्त पिक्चर दाखवायचं ठरवल्यावर काम माझ्याकडे येणार हे नक्की होतं.

देहू इथून दुचाकीवर अर्ध्या तासावर. तुकोबा आमच्यासाठी पुस्तकातले नाहीत, शेजारचे आहेत. पण इंटरनेटवर मिळालेला चित्रपट बघून मला वाईट वाटलं होतं. ओरखडे, थरथर, आवाजात खरखर. आपल्या हातात तंत्रज्ञान असताना लोकांना हे असं दाखवायचं?

मग मी घरचा गेमिंग पीसी दोन आठवडे रात्रंदिवस राबवला. एआयने चित्र मोठं केलं, ओरखडे घालवले, रंग भरले. मूळ चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, तो ६० चा केला म्हणजे हालचाल गुळगुळीत होते. शेवटी भिंतीत नीट बसावा म्हणून वरखाली कापून सोळास नऊ केला. फाइलला नाव दिलं, 'संत तुकाराम, प्रभात, १९३६, फायनल'. तीस सेकंदांचा तुकडा ग्रुपवर टाकला तर हार्ट आणि हात जोडल्याच्या इमोजींचा पाऊस पडला. एका काकांनी लिहिलं, 'प्रभातवाले आज असते तर तुझी पाठ थोपटली असती.' मला ते पटलंही होतं.

तर मी माझी फाइल लावली. पार्किंगमध्ये एकदम "वा!" झालं. हिरवं लुगडं नेसलेली जिजाई, निळं आकाश, लख्ख चेहरे. भिंत काठोकाठ भरलेली. नाना म्हणाले, "आता कसं!"

आजी दहा मिनिटं काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळा, तुकोबाचे पाय कुठं गेले?"

"काय?"

"पाय. मघा जाड होता, पण पाय तर होते. आता नुसतं तोंडच दिसायलंय. पाया कुठं पडू?"

या वेळी कुणी हसलं नाही. तिला विनोद करायचा नव्हता. ती माळकरी आहे. देवाचं दर्शन तिच्यासाठी पायांपासून सुरू होतं, तोंड नंतर.

*

चारास तीनची चौकट कापून सोळास नऊ केली की उंचीचा पाव भाग जातो. हे गणित मला माहीत होतं. कापताना कुठून कापायचं, एवढाच प्रश्न मी विचारला होता, आणि उत्तर उघड वाटलं होतं: चेहरे वाचवा. फोनवर वाढलेल्या माणसाला चेहरा म्हणजेच चित्र. त्यामुळे बहुतेक शॉट मी खालून कापले होते. उभ्या माणसाचे पाय गेले, बसलेल्या माणसाखालची जमीन गेली.

त्या रात्री मी घरी दोन्ही फाइल शेजारी-शेजारी लावून बसलो. चित्रपट 'बघितला' असा पहिल्यांदाच. आधी फक्त प्रोसेस केला होता.

प्रभातची ही माणसं उगाच कुठेही कॅमेरा लावणारी नव्हती. दामले आणि फत्तेलाल दोघेही पडदे रंगवण्यापासून, सेट उभारण्यापासून वर आलेले. चौकटीत काय किती हवं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांच्या देहूत माणसं जमिनीवर बसतात, जमिनीवर जेवतात, धुळीतून चालतात. चौकटीत माणसाखाली जमीन आहे म्हणून तो तुकाराम गावातला वाटतो. माझ्या फाइलमध्ये तो टीव्हीवर मुलाखतीला आल्यासारखा वाटत होता.

मग रंग. जिजाईचं लुगडं एआयने एका शॉटमध्ये निळसर केलं होतं, पुढच्यात तपकिरी. जुळावं म्हणून हिरवं मीच ठरवलं होतं. का? माझ्या आईचं एक तसं आहे म्हणून. लख्ख वाटणारं आकाशही मशीनच्या अंदाजाचं. 'बिचाऱ्यांकडे तेव्हा रंग नव्हता' हे माझं समर्थनही टिकलं नाही. प्रभातने त्याआधी, १९३३ च्या 'सैरंध्री'साठी जर्मनीत रंगीत प्रिंट करून बघितलं होतं. परिणाम मनासारखा आला नाही आणि ते कृष्णधवलकडे परतले. म्हणजे 'संत तुकाराम'ची छायाप्रकाशाची आखणी काळ्यापांढऱ्यासाठी, जाणूनबुजून केलेली होती. मी तिच्यावर मेणाचे खडू फिरवले होते.

सगळ्यात जास्त टोचली ती फ्रेमची गोष्ट. २४ चे ६० करायचे म्हणजे मधल्या फ्रेम मशीनने कल्पून भरायच्या. माझ्या फाइलमध्ये निम्म्याहून जास्त फ्रेम अशा होत्या, ज्या कधी कुठल्या कॅमेऱ्यासमोर घडल्याच नव्हत्या. थांबवून बघितल्या तर टाळ्या वाजवणाऱ्या हातांना कुठे सहा बोटं, कुठे टाळाची दोरी मनगटात विरघळलेली. मागच्या गर्दीतल्या माणसांना मशीनने नवेच चेहरे दिले होते. १९३६ साली पुण्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं ते माणूस, कदाचित त्याचा आयुष्यातला एकमेव फोटो, मी पुसून तिथे कुणीच नसलेलं माणूस बसवलं होतं.

आणि फाइलचं नाव? 'प्रभात, १९३६'.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुकोबांचा अभंग येतो आणि मग तोच सालोमालोच्या तोंडी येतो. सालोमालो म्हणजे तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. लहानपणापासून तो मला चित्रपटातला खलनायक म्हणून माहीत होता. त्या रात्री वाटलं, मी त्याचा उलटा भाऊ आहे. त्याने दुसऱ्याच्या ओळींखाली स्वतःचं नाव घातलं. मी स्वतःच्या ओळी लिहून त्याखाली दुसऱ्याचं नाव ठेवलं. दुसरं जास्त वाईट, कारण सालोमालोला निदान पकडता तरी येतं.

*

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं पाप आहे असं समजू नका. तुमच्या हॉलमधला टीव्हीही हेच करतोय. नवीन टीव्ही घेतला आणि पिक्चर लावला की तो मालिकेसारखा दिसतो, सगळं अती गुळगुळीत, जणू शूटिंगच चालू आहे. ते टीव्ही स्वतःहून मधल्या फ्रेम भरतो म्हणून. कंपनीने ते सेटिंग चालू ठेवूनच पाठवलेलं असतं. याचा राग येऊन डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी, लोकहो हे बंद करा, असं सांगणारा व्हिडिओ काढला होता. पुढच्याच वर्षी टीव्हीवर 'फिल्ममेकर मोड' येणार असं जाहीर झालं. म्हणजे चित्रपट आहे तसा बघण्यासाठी आता वेगळं बटण शोधावं लागतं.

२०१६ मध्ये मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा 'सैराट' चिंचवडला थिएटरात बघितला. ज्यांनी तो बघितलाय त्यांना शेवट आठवत असेल. आवाज जातो. काहीच उरत नाही. त्या दिवशी थिएटरमधली शिट्ट्या मारणारी पोरंही न बोलता बाहेर पडली. नंतर एकदा तो घरी टीव्हीवर लागला होता. शेवट आला, आवाज गेला. वडिलांना वाटलं टीव्ही बिघडला, त्यांनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. तेवढ्यात चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं आणि पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात ढोलताशांसह अंगावर आली. वडील दचकले, आई हसली, आणि 'सैराट' संपला. नागराज मंजुळेंनी ती शांतता जागा भरायची राहून गेली म्हणून सोडली नव्हती. पण चॅनेलच्या लेखी ती रिकामी जागाच होती.

मीही काही वेगळा नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होऊन काळाच राहतो. घरी बघताना मला वाटलं नेट अडकलं. मी दोनदा दहा-दहा सेकंद पुढे ढकललं. दिग्दर्शक आपल्याला अंधारात बसवून ठेवतोय, हे नंतर एका मित्राने सांगितल्यावर कळलं.

कायदा काय म्हणतो तेही मी शोधलं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, लेखकाची प्रतिष्ठा दुखावेल अशी त्याच्या कलाकृतीची मोडतोड कुणी केली, तर तो ती थांबवू शकतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की कलाकृती कर्त्याचं समाधान होईल अशी दाखवली नाही, एवढ्यावरून हक्कभंग होत नाही. आणि चित्रपटाच्या बाबतीत कायदा 'कर्ता' म्हणतो तो निर्मात्याला, दिग्दर्शकाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा थिएटरात आली. मूळ चित्रपटात मरणारा नायक तिथे जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली, तरी ती लागलीच.

'संत तुकाराम'चं तर तेवढंही नाही. चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तो आता सगळ्यांचा आहे, म्हणजे त्याच्या बाजूने तक्रार करायला कुणीच नाही. त्या पार्किंगमध्ये तक्रार केली ती एकट्या आजीने.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमिटीसमोर म्हणालो, मूळ फाइल लावू, मूळ चौकटीत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू देत.

नानांचा चेहरा पडला. "लोकांना वाटेल भिंत बिघडलीय."

ऑपरेटरदादाने हिशोब मांडला. सोळा बाय नऊ म्हणजे १४४ स्क्वेअर फूट. चारास तीनचं चित्र त्यात बारा बाय नऊ बसणार, म्हणजे १०८. "दादा, भाडं स्क्वेअर फुटावर असतं. ३६ फूट काळं ठेवायचे पैसे तुम्ही देणार? कंपन्यांचे कार्यक्रम करतो मी. एक कॅबिनेट काळं दिसलं तरी बिल कापतात. म्हणून चित्र भरूनच द्यायची सवय लागलीय." त्याच्या बाजूने ते अगदी खरं होतं. तो चित्रपट बिघडवत नव्हता, स्वतःचं बिल वाचवत होता.

मग एकाला कल्पना सुचली. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा रिकामी आहेच, तर तिथे वर्गणीदारांच्या जाहिराती लावू. एका बाजूला प्लॉटिंगवाला, दुसऱ्या बाजूला भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. सगळ्यांना ते एकदम पटलं. माझ्या डोळ्यांसमोर तुकोबा वैकुंठाला निघालेत आणि डावीकडे 'एनए प्लॉट, सुलभ हप्ते' असं चित्र उभं राहिलं.

मी बोललो ते फार काही मुद्देसूद नव्हतं. मी म्हणालो, नाना, तुम्ही घरात गाथा वाचता. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा असते. तिथे कुणी जाहिरात छापली तर? नाना म्हणाले, "गाथा वेगळी." मी म्हणालो, हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, मुंबईत एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला, लोक आत जाताना चपला बाहेर काढायचे असं म्हणतात. त्यांच्यासाठी तो गाथेपेक्षा फार वेगळा नसावा. आणि गाथा तरली, कारण ती लोकांच्या तोंडी होती. चित्रपट तोंडी राहत नाही. त्याची फीत असते आणि ती जळते. २००३ साली इथेच, पुण्यात, जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी मूळ फिती गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घालवून जे वाचवलं, ते आपण ३६ स्क्वेअर फुटांसाठी का कापायचं?

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग तोडगा निघाला. जाहिराती सुरुवातीला, मध्यंतराला आणि शेवटी, अख्ख्या भिंतीवर. पिक्चर चालू असताना बाजू काळी. ऑपरेटरदादाने प्रोसेसरचं सेटिंग दोन मिनिटांत बदललं. इतकी वर्षं कुणी मागितलंच नव्हतं, म्हणाला.

*

त्या संध्याकाळी सगळं छान झालं, असं लिहायला मला आवडलं असतं.

दीडेकशे लोक आले. एका पोराने विचारलं, "दादा, बाजूची लाइट गेली का?" पाच-सात मिनिटांनी अंधार पडला तसे ते पट्टे कुणाला दिसेनासे झाले. पण "क्लॅरिटी नाही" हे मी तीनदा ऐकलं. पहिल्या शिफ्टवाल्यांना पहाटे पाचला उठायचं होतं, त्यामुळे मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ग्रुपवर रंगीत तुकडा बघून आलेले दोघे चिडले, "आम्हाला ती चांगली कॉपी दाखवायची होती ना?"

जे थांबले ते मात्र शांत बसले. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं बीजाचं गाणं आलं तेव्हा मागच्या बायकांनी सूर धरला. ते तुकोबांचंच आहे असं कित्येक लोक अजून मानतात. नवीन लिहायला कुणाचीच ना नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं. आठवल्यांनी तुकोबांच्या ओळी बदलल्या नाहीत, शेजारी आपलं गाणं ठेवलं आणि ते स्वतःच्या नावाने लिहिलं.

मी आजीकडे बघितलं. ती झोपली होती.

सकाळी चहा पिताना विचारलं, "आजी, झोपलीस की. एवढा खटाटोप तुझ्यासाठी केला."

"पाय दिसले की रे," ती म्हणाली. "मग निजले." मग थोड्या वेळाने, "आमच्या जत्रंत तंबूत बघितला तवा मधली दोन गाणी कापायचा तो मशीनवाला. रातीला एक खेळ जास्ती व्हावा म्हनून. काल पुरा होता का?"

म्हणजे तिच्या आठवणीतला 'मूळ' चित्रपटही अर्धवटच होता. फिती कापणारे तेव्हाही होते, आणि त्यांच्याही बाजूने हिशोब खराच असणार.

"पुरा होता," मी म्हणालो.

माझी फाइल मी उडवली नाही. दोन आठवड्यांचं काम आहे, आणि त्यातून मी खूप शिकलो. फक्त तिचं नाव बदललं: 'तुकाराम, माझे रंग, माझ्या फ्रेम, पाय कापलेले'. ग्रुपवर अजून कुणी ना कुणी ती मागतं. मी पाठवतो. आधी मूळ चित्रपट पाठवतो, मग ती.